पिन-अप स्पर्धेसाठी १९५०च्या दशकातला ड्रेस: शिवण्यापासून मंचावर उभं राहेपर्यंत

अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन इथे जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनांत आणि रॉकबिली (पन्नासच्या दशकातल्या रॉक-अँड-रोल संगीताच्या) महोत्सवांत पिन-अप स्पर्धा हमखास असते: त्या काळच्या कॅलेंडर-चित्रांतल्या मुलींसारखं सजून मंचावर यायचं आणि परीक्षक गुण देतात. लास वेगासच्या 'व्हिवा लास वेगास'सारख्या मोठ्या महोत्सवातली स्पर्धा वेगळी आणि गावच्या कार शोमध्ये ट्रकच्या मागच्या फळीवर उभं राहून होणारी वेगळी, पण तयारी जवळजवळ तीच. तिकडे राहणाऱ्या मराठी मुली आता या स्पर्धांत उतरताहेत. ब्लाउज शिवता येत असेल तर निम्मं काम तुम्हाला येतंच: प्रिन्सेस कट, स्वीटहार्ट गळा, अस्तर, कॅनकॅन हे सगळं इथेही लागतं.

हा लेख एकाच ड्रेसभोवती आहे. १९५०च्या दशकातला हॉल्टर गळ्याचा (पट्टे मानेमागे बांधायचे), पूर्ण घेराचा, कंबरेत घट्ट बसणारा सुती ड्रेस. पहिल्या स्पर्धेला हाच निवडा. कापड स्वस्त पडतं, लांबूनही आकार कळतो आणि उन्हात घाम आला तरी तो निभावून नेतो. हातात सहा आठवडे ठेवा. शिवायला त्यातले तीन पुरतात, बाकीचे आतल्या कपड्यांच्या शोधात आणि केसांच्या सरावात जातात.

१. नियम वाचा, दशक ठरवा

प्रत्येक स्पर्धेची नियमावली वेगळी असते. अर्ज भरण्याआधी चार गोष्टी बघा: कोणता काळ चालतो (बहुतेक ठिकाणी चाळीस ते साठच्या सुरुवातीपर्यंत), किती फेऱ्या आहेत (दिवसाचा पोशाख, पोहण्याचा, संध्याकाळचा, प्रश्नोत्तरं, कधी कला सादरीकरण), स्वतः शिवलेल्या कपड्याला वेगळे गुण आहेत का, आणि तयार 'रेट्रो' ब्रँडचे कपडे चालतात का.

मग एकच दशक धरा. सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. युद्धकाळात अमेरिकेत १९४२च्या एल-८५ आदेशाने बायकांच्या कपड्यांतल्या कापडावर मर्यादा आणली, त्यामुळे चाळीसच्या पूर्वार्धातला स्कर्ट गुडघ्यापाशी संपणारा, कमी घेराचा, आणि खांदे पॅड लावून चौकोनी. १२ फेब्रुवारी १९४७ला पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर क्रिस्तियन दिओरने जो संग्रह दाखवला त्यानंतर खांदे उतरते झाले, कंबर आवळली आणि घेर सुटला. तेव्हा पूर्ण घेराच्या ड्रेसवर डोक्यात दोन उंच व्हिक्टरी रोल (चाळीसातली, केस कपाळावर गुंडाळून केलेली रचना), पायात चाळीसातले जाड प्लॅटफॉर्म आणि डोळ्यांवर साठीतल्या मांजरडोळ्या आयलायनरचा जाड फराटा असं कडबोळं केलं की जाणत्या परीक्षकाला दुरूनच दिसतं. अमुक एक वर्ष मनाशी धरा, १९५३ म्हणा, आणि प्रत्येक वस्तू विकत घेताना ती त्या वर्षी असती का, हे स्वतःला विचारा.

संदर्भासाठी तयार कॉस्च्युमच्या जाहिराती पाहू नका. त्या काळातली शिवणकामाची कॅटलॉग, मासिकांतली छायाचित्रं, पिन-अप चित्रकार गिल एल्व्हग्रेनची कॅलेंडर-चित्रं पाहा. चित्रांत मात्र कंबर खरी नसते, ती चित्रकाराने कमी केलेली असते. माप छायाचित्रांवरून समजून घ्या. आपल्याकडचा संदर्भ हवा असेल तर पुण्याच्या प्रभात कंपनीच्या १९४४च्या चित्रपटातून पुढे आलेल्या अभिनेत्री बेगम पारा यांची छायाचित्रं बघा. 'लाइफ' मासिकाच्या जेम्स बर्क यांनी १९५१मध्ये ती काढली. सावळ्या-गव्हाळ रंगावर आणि काळ्या दाट केसांवर त्या काळचं रूप कसं बसतं, हे गोऱ्या मुलींच्या फोटोंतून कळत नाही, इथे कळतं.

२. आतले कपडे आधी, माप नंतर

नवख्या मुली कापडापासून सुरुवात करतात. क्रम उलटा हवा. पन्नाशीतला आकार कापडाने नाही, आतल्या कपड्यांनी येतो. म्हणून आधी हे घ्या:

- टोकदार किंवा निदान शिवणीच्या कपांची ब्रा. आजच्या फोमच्या गोल पॅडेड ब्रावर प्रिन्सेस शिवण चुकीच्या जागी बसते. हॉल्टरसाठी पट्टे काढता येणारी, लाँगलाइन (कंबरेकडे लांब उतरणारी) प्रकारची सगळ्यात सोयीची.
- कंबरेला वेस्ट सिंचर, म्हणजे कंबर आवळणारा रुंद पट्टा. एक-दोन इंच आत घेणारा पुरे. मंचावर हसत बोलायचं असतं, श्वास अडता कामा नये.
- मोजे धरून ठेवणारा सस्पेंडर बेल्ट, सहा क्लिपांचा, धातूच्या क्लिपा असलेला. चार प्लॅस्टिक क्लिपांचा घेतलात तर चालताना मोजे फिरतात आणि शिवण पोटरीवर तिरकी होते.

हे सगळं अंगावर घालून, आरशासमोर, दुसऱ्या कुणाकडून माप घ्या: छाती, छातीखाली, कंबर, खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंत, दोन टोकांमधलं अंतर, मागच्या मानेपासून कंबर, आणि कंबरेपासून हवी तेवढी लांबी. लांबी मोजताना जे बूट घालणार तेच पायात हवेत. पन्नाशीतल्या दिवसाच्या ड्रेसला गुडघ्याखाली दोन-चार इंच लांबी असते. गुडघ्याच्या वर गेलेला घेर पार्टीचा कॉस्च्युम वाटतो.

३. सामान

खालचा हिशोब २८ इंच कंबर आणि २६ इंच लांब स्कर्टसाठी आहे.

- मुख्य कापड: ४४ इंच पन्ह्याचं सुती पॉपलिन किंवा सॅटीन विणीचं सुती, साडेचार मीटर.
- वरच्या भागासाठी अस्तर: एक मीटर पक्क्या रंगाचं सुती.
- नमुन्यासाठी मांजरपाट: दीड मीटर.
- धातूची चेन, १२ ते १४ इंच.
- बोनिंग (वरच्या भागाला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या, म्हणजे 'हाडं'): स्पायरल स्टील किंवा शिवता येणारं प्लॅस्टिक, दोन मीटर.
- कंबरेच्या आतून लावायला एक इंच रुंद ग्रोसग्रेन (आडव्या धारींची, न ताणणारी) रिबन, एक मीटर, आणि दोन मोठे हुक.
- गळ्याच्या कडेला पाव इंची सुती टेप, दीड मीटर.
- हेमसाठी उरेब पट्टी, पाच मीटर.
- पेटीकोटसाठी ताठ नेट, दीड मीटर पन्ह्याचं, पावणेचार मीटर, आणि कंबरेच्या योकसाठी अर्धा मीटर सुती.

कापड कोणतं? ठिपके, गिंगहॅमच्या चौकड्या, बारीक फुलं, साधा एकरंगी. चेरी आणि कवट्या छापलेलं कापड आजच्या रॉकबिली दुकानातलं आहे, तेव्हाचं नाही. चेरी खपून जातात, कवट्या नाहीत. चमकदार पॉलिस्टर सॅटीन टाळा: फ्लॅशमध्ये प्रत्येक शिवण आणि सुरकुती उजळून दिसते. ताणणारं स्ट्रेच कापड तर घेऊच नका, त्याला हा आकार धरता येत नाही. भारतात येणं होत असेल तर मुंबईत मंगलदास मार्केट किंवा हिंदमाता, पुण्यात रविवार पेठ इथून सुती घेऊन जा. परदेशातल्या क्विल्टिंग कॉटनपेक्षा चांगलं पडतं. फक्त पन्हा विचारा. ३६ इंचांत हा घेर कसाबसा बसतो, पण पट्टे-बेल्टसाठी उरत काही नाही.

४. पॅटर्न आणि मांजरपाट

जुना मूळ पॅटर्न घेणार असाल तर पाकिटावरच्या साइझ नंबरकडे पाहूच नका, छातीचं माप पाहा. पन्नाशीच्या सुरुवातीला १६ नंबर म्हणजे ३४ इंच छाती. आज तेच माप १२ नंबरवर असतं. तयार कपड्यांचे नंबर तर आणखी तिसरेच. शिवाय जुन्या पॅटर्नपैकी बऱ्याच कागदांवर छपाई नसते, नुसती भोकं पाडलेली असतात. ती कापायच्या आधी सूचना-पत्रकाशी जुळवून पेन्सिलने खुणा करा आणि मूळ कागद न कापता त्यावरून ट्रेस करून घ्या. एका पाकिटात एकच साइझ असते, एकदा कापला की गेला.

पॅटर्न नसेल तर स्वतःचा नीट बसणारा प्रिन्सेस कट ब्लाउज आधाराला घ्या. बाह्या आणि खांदा काढून टाका, मुंढ्याखालून पुढे स्वीटहार्ट गळा काढा, आणि ब्लाउज जिथे संपतो तिथून खाली कंबरेपर्यंत वाढवा. ही वाढवलेली चार-पाच इंचंच फसवतात. ब्लाउज बरगडीवर संपतो, पुढचं कंबरेचं वळण त्यात नसतं. म्हणून मांजरपाटाचा नमुना टाळू नका.

नमुना कच्च्या शिलाईने, टाका ४-५ मिलिमीटर ठेवून शिवा, आतले कपडे घालून अंगावर चढवा आणि चार गोष्टी करा: बसा, हात वर करा, वाका, खोल श्वास घ्या. गळ्याची कड छातीपासून सुटून पुढे आली, तर प्रिन्सेस शिवणीत वरच्या टोकाला दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच आत घ्या. छातीखाली आडव्या सुरकुत्या पडल्या, तर टोकाची जागा चुकली आहे, वळण वर किंवा खाली सरकवा. पाठीत कापड जमा होतंय, तर मागची लांबी कमी करा. कंबरेला जास्त ढिलाई ठेवू नका, अर्धा इंच पुरे. सगळ्या दुरुस्त्या पेनने नमुन्यावरच लिहा आणि तो उसवून त्यावरूनच मूळ कापड कापा.

शिंप्याकडून शिवून घेणार असाल तर हाच नमुना त्यांच्या हातात द्या. नुसता फोटो दाखवला तर घागऱ्याचा ब्लाउज शिवून मिळतो. तीन गोष्टी बजावून सांगा: कपात फोमचे पॅड नकोत, चेन डाव्या कुशीत, आणि आत एक इंच मार्जिन.

५. कापड धुवा, घेर कापा

कापड आणि अस्तर दोन्ही आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. सुती आटतंच. न धुता शिवलेला आणि कंबरेत नेमका बसणारा ड्रेस पहिल्या धुण्यानंतर बंद होत नाही.

घेराचं गणित: कंबर भागिले ६.२८ म्हणजे आतल्या वर्तुळाची त्रिज्या. २८ इंच कंबरेला ४.४६ येते. हे शिलाईचं वर्तुळ. उरेबात कापड ताणतं म्हणून ते थोडं लहान, ४⅜ इंच धरा. त्यातून वरच्या मार्जिनचा अर्धा इंच वजा केला की कापायची त्रिज्या ३⅞ इंच. बाहेरचं वर्तुळ म्हणजे ४⅜ अधिक २६ अधिक हेमचा अर्धा इंच, साधारण ३१ इंच.

पूर्ण वर्तुळ एका तुकड्यात बसत नाही, म्हणून दोन अर्धवर्तुळं कापायची. अर्धवर्तुळाची सरळ बाजू कापडाच्या किनारीला समांतर ठेवा आणि तिच्या बाहेर पाऊण इंच कुशीची शिलाई सोडा. लांबीत ६२ इंच, रुंदीत ३२ इंच. दोन्हींना मिळून सव्वातीन मीटर लागतात आणि बाजूला १२ इंची लांबलचक पट्टी उरते. ती फेकू नका, हॉल्टरचे पट्टे, बेल्ट आणि गळ्याची आतली पट्टी त्यातून निघतात. वरचा भाग उरलेल्या सव्वा मीटरमध्ये.

या मांडणीत एक सापळा आहे. सरळ बाजू किनारीला समांतर, म्हणजे समोरचा मध्य आडव्या धाग्यावर येतो. कापडावर उभी फुलदाणी किंवा उभं झाड असेल तर ते नेमकं पोटावर आडवं झोपतं. म्हणून सगळ्या दिशांना विखुरलेली छपाई घ्या. ठिपक्यांना फरक पडत नाही. गिंगहॅम तर बाजूला जाता जाता आपोआप तिरका होतो आणि छान दिसतो. काठ असलेलं कापड मात्र गोल घेराला कधीच नको, त्याला चुण्यांचा सरळ स्कर्ट लागतो.

कापल्या कापल्या कंबरेच्या गोलाला मार्जिनच्या आत दोन मिलिमीटरच्या टाक्याने एक शिलाई मारून टाका. ही शिलाई राहिली तर तो गोल हाताळता हाताळता एक-दीड इंच वाढतो आणि वरच्या भागाला जोडताना चुण्या पडतात. मग कुशी शिवा. डाव्या कुशीत चेनसाठी वरून ७ इंच उघडं ठेवा.

६. वरचा भाग

इस्त्री गरम ठेवून बसा. प्रिन्सेसची प्रत्येक शिवण आधी सपाट, मग उशीवर किंवा घट्ट गुंडाळलेल्या टॉवेलवर गोल आकारात दाबायची. छातीच्या वळणावर आतल्या बाजूच्या मार्जिनला दर अर्ध्या इंचाला कातर द्या आणि बाहेरच्या बाजूचे छोटे त्रिकोण कापून काढा. हे न केल्यास शिवण बाहेरून गाठीसारखी दिसते.

बोनिंग अस्तराला लावायचं, मुख्य कापडाला नाही. पुढच्या दोन प्रिन्सेस शिवणी, दोन कुशी आणि मागे दोन, अशी सहा हाडं. प्रत्येक हाड शिवणीपेक्षा वर-खाली अर्धा-अर्धा इंच आखूड कापा. लांब राहिलं तर बसताना वरचं टोक काखेत टोचतं आणि कापडाला आतून भोक पडतं. प्लॅस्टिकचं टोक मेणबत्तीवर किंचित वितळवून गोल करा. ते गुंडाळीतून आलेलं असल्याने वाकडं असतं. ओल्या कपड्याखाली कोमट इस्त्रीने सरळ करून घ्या आणि लावताना त्याचा बाक शरीराकडे ठेवा.

हॉल्टरच्या ड्रेसचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे गळ्याची कड. ती पुढे वाकली की फोटोत आतली ब्रा दिसते. उपाय पाव इंची सुती टेपमध्ये आहे. स्वीटहार्टच्या मध्यापासून पट्ट्यापर्यंतचं अंतर मोजा, टेप त्यापेक्षा पाव ते तीन-अष्टमांश इंच आखूड कापा आणि कापड किंचित सामावून घेत मार्जिनवर हाताने टाचा. कड छातीवर बसते. सगळी आखूडता छातीच्या उंचवट्यावरच खपवा, पट्ट्याच्या टोकाशी नको.

मध्याच्या खळगीत टाक्याच्या अगदी जवळपर्यंत कातर द्या आणि त्या टोकावर शिवताना एक आडवा टाका घ्या. व्ही नीट उलटतो.

पट्टे दोन इंच रुंद, आत बकरम किंवा घट्ट सुती. मानेमागे गाठ मारायची की बटण लावायचं, हे केस कसे आहेत त्यावर ठरवा. केस खाली सोडणार असाल तर गाठ दिसतही नाही, उलट केस अडकतात. बटण बरं.

७. कंबरेची पट्टी आणि चेन

वरचा भाग आणि घेर जोडला की आतून ग्रोसग्रेन रिबन लावा. आवळलेल्या कंबरेच्या मापापेक्षा अर्धा ते एक इंच आखूड, टोकांना हुक. ती फक्त शिवणींच्या मार्जिनला चार-पाच जागी टाचायची, चेनच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच मोकळी सोडायची. ड्रेस घालताना आधी रिबनचे हुक, मग चेन. घेराचं सगळं वजन ही रिबन उचलते. ती नसेल तर वजन मानेवरच्या पट्ट्यावर येतं, दोन तासांत मान दुखते आणि ड्रेस पुढून खाली सरकतो. तयार रेट्रो ड्रेसमध्ये ही पट्टी सहसा नसते आणि त्यात वारंवार गळा वर ओढणाऱ्या मुली मंचावर दिसतात.

चेन डाव्या कुशीत, एका बाजूने झाकणारी. आजची अदृश्य चेन त्या काळातली नाही. जवळून कपडे तपासणारे परीक्षक आधी ती बघतात. चेन कंबरेच्या जोडावरून जाते तिथे चार थर येतात. मार्जिन पायऱ्या पायऱ्यांनी कापून पातळ करा, नाहीतर ती नेमकी तिथे अडकते. अगदी वरच्या टोकाला एक छोटा हुक लावा.

८. लटकवा, मगच हेम

ड्रेस पूर्ण झाला की दोन दिवस हँगरला, कंबरेतून क्लिपा लावून लटकवून ठेवा. उरेबातले भाग एक ते दीड इंचापर्यंत खाली येतात. मग बूट आणि पेटीकोटसकट घालून, जमिनीपासून सारख्या उंचीवर दुसऱ्या कुणाकडून टाचण्यांनी खूण करून घ्या. खालचा घेर १९० इंचांच्या पुढे जातो, म्हणजे पाच मीटरला थोडा कमी. त्याला रुंद हेम दुमडता येत नाही, कडेला कापड जास्त होऊन लाटा येतात. उरेब पट्टी जोडून आत वळवा आणि हाताने तुरपाई करा.

९. पेटीकोट

भारतात मिळणारा लेहंग्याचा कॅनकॅन कापून आखूड करायचा मोह होतो. पण त्याचा फुलावा घोट्यापाशी ठेवलेला असतो, गुडघ्यापाशी कापला की फुलावाच निघून जातो. वेगळा शिवा.

पेटीकोट स्कर्टपेक्षा दीड इंच आखूड हवा, इथे साडेचोवीस. वरचा आठ इंचांचा योक साध्या सुतीचा, कारण कंबरेला जाडी नको. त्याखाली आठ इंचांचा पहिला थर, तीन मीटर लांब. त्याखाली साडेआठ इंचांचा दुसरा थर, नऊ मीटर लांब. दीड मीटर पन्ह्याच्या नेटचे नऊ इंची पट्टे कापले की पहिल्या थराला दोन, दुसऱ्याला सहा. असे दोन पदर, एकावर एक.

नऊ मीटरच्या चुण्या साध्या दोऱ्याने ओढल्या तर दोरा मध्येच तुटतो. मासेमारीची नायलॉन दोरी कडेवर ठेवून तिच्यावरून रुंद झिगझॅग शिलाई मारा, दोरी शिलाईत अडकू देऊ नका, मग ओढा. खालच्या कडेला सॅटिन रिबन लावायची असल्यास दोन पदरांना १८ मीटर लागते. ती नुसती शोभेची नाही. नेटची उघडी कड मोज्यांना फाडते. सर्वात आत, पायाला लागेल असा एक सुती किंवा क्रेपचा पदरही लावा.

पेटीकोट रंगीत असू शकतो. गिरकी घेताना तोच दिसतो, म्हणून ड्रेसमधल्याच एखाद्या रंगाचा घ्या.

१०. केस

आपले केस दाट, जड आणि बहुतेकींचे लांब. त्या काळातले कुरळे वळण आखूड केसांसाठी होतं, खांद्यापर्यंतच्या. केस कमरेपर्यंत असतील तर कापायची गरज नाही, मागचे गुंडाळून आत पिन करून 'फॉक्स बॉब' करता येतो.

एक दिवस आधी शांपू, कंडिशनर फक्त टोकांना. आदल्या आठवड्यात तेलाला सुट्टी. खोबरेल लावलेल्या केसात सेट टिकतच नाही. किंचित ओल्या केसांवर सेटिंग लोशन, एक इंचाचे भाग, स्पंज रोलर किंवा पिन कर्ल. डोक्याच्या वरच्या भागात सगळे एकाच दिशेने फिरवा. दाट केस पूर्ण सुकायला रात्रभर लागते. आत थोडी ओल राहिली असताना सोडले तर तासाभरात सरळ होतात.

सोडल्यावर मुली घाबरून विंचरत नाहीत आणि बोटांनी कुरळ्या नळ्या मोकळ्या करून थांबतात. नीट दाबून, पूर्ण ब्रश करा. आधी केस भूतासारखे फुगतात. आणखी पाच-दहा मिनिटं हाताखाली वळवत ब्रश चालवला की लाटा एकमेकींत बसतात. आकार तिथूनच सुरू होतो. हे आधी निदान चार वेळा करून बघा.

पिना लावताना नागमोडी बाजू डोक्याकडे, आणि दोन पिनांचा फुलीसारखा छेद. कपाळावरची छोटी झालर हवी पण कापायची नाही, तर पुढचे केस गुंडाळून आत पोकळ ठेवून पिन करा.

फूल डाव्या किंवा उजव्या एकाच बाजूला. जॅझ गायिका बिली हॉलिडे केसांत अनंताची फुलं माळत असे, तेव्हा अनंत किंवा त्याचं कापडी फूल शोभतं. गजरा मागे अंबाड्याला घातला तरी हरकत नाही, मात्र त्याबरोबर मोठं कापडी फूल नको.

११. चेहरा, मोजे, बूट

पन्नाशीच्या चेहऱ्यात तीन गोष्टी ठळक: भुवई, वरच्या पापणीवर बारीक रेघ जी टोकाला जराशी वर उचललेली, आणि लाल ओठ. खालच्या पापणीत काजळ घालायची सवय इथे आवरा, डोळा लगेच आजचा दिसतो. कॉन्टूर, हायलायटर, जाड खोट्या पापण्या नकोत. लालांमध्ये गव्हाळ त्वचेला निळसर झाक असलेला आणि विटकरी असे दोन्ही लावून बाहेर उन्हात फोटो काढा, न्हाणीघराच्या दिव्यात निवडू नका.

मोजे मागे शिवण असलेले. नायलॉनचे मोजे अमेरिकेत १५ मे १९४०ला देशभर विक्रीला आले आणि सपाट विणून मागे शिवले जात, म्हणून ती रेघ. असे सपाट विणलेले मोजे ताणत नाहीत, त्यामुळे पायाच्या मापाने घ्या. रेघ टाचेच्या मध्यापासून सुरू करून वर न्या, मग क्लिप लावा. दुसरी जोडी पिशवीत हवीच. बूट दोन ते तीन इंची, गोल किंवा उघड्या टोकाचे. सहा इंची प्लॅटफॉर्म हिल्स दुसऱ्याच व्यवसायातल्या आहेत.

१२. नाव, कार्ड, मंच

बहुतेक स्पर्धांत निवेदकाला वाचायला माहिती द्यावी लागते. साठ-सत्तर शब्दांच्या आत ठेवा, त्याहून लांब असेल तर निवेदक मध्येच तोडतो. नाव मराठी असेल तर उच्चार इंग्रजी अक्षरांत तोडून लिहा आणि आधी भेटून एकदा म्हणून दाखवा. ड्रेस स्वतः शिवला असल्यास पहिल्या वाक्यातच यायला हवं.

उभं राहताना वजन मागच्या पायावर, पुढचा गुडघा आत वळवलेला, पुढच्या पायाचं टोक बाहेर, कंबर परीक्षकांकडे थोडी तिरकी. चार पोझ पुरतात. प्रत्येकीत तीन सेकंद थांबा, छायाचित्रकाराला तेवढे लागतात. गिरकी एकदाच, आणि घेराच्या आत सुती ब्लूमर घालून. कार शोच्या मोकळ्या मैदानात वारा कुणाची भीड ठेवत नाही. गाडीला टेकायचं झालं तर मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नका, आणि बेल्टचा धातूचा बक्कल रंगाला घासणार नाही हे बघा.

१३. बरोबर काय न्यायचं

कागद: ओळखपत्र (वयाची अट बहुतेक ठिकाणी अठरा), नोंदणीची पावती, माहिती-कार्डाच्या दोन प्रती, छायाचित्र वापराच्या संमतीचा अर्ज, सादरीकरण असेल तर संगीत पेन ड्राइव्हवर आणि फोनवरही.

पिशवीत: ड्रेसच्या रंगाचा दोरा ओवलेली सुई, सेफ्टी पिना, एक जादा हुक, दुहेरी चिकटपट्टी, रंगहीन नेलपॉलिश (मोज्याची उसवत जाणारी रेघ थांबवायला), पिना, हेअरस्प्रे, लिपस्टिक, टिपकागद, पाण्याची बाटली आणि स्ट्रॉ. पेटीकोट गाडीत उलटा करून, कंबर खाली अशा मोठ्या पिशवीत न्या. बसून प्रवास करायचा असेल तर मुक्कामी पोचून घाला.

१४. झाल्यावर

पेटीकोट कंबर खाली करून उलटा टांगा, नेट पुन्हा फुलतं. ड्रेस थंड पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, हाडं वाकतात. ठेवताना हॉल्टरच्या पट्ट्यावर कधीच टांगू नका, कंबरेतल्या रिबनला शिवलेल्या दोन लूपवर टांगा. चेनवर वर्षातून एकदा मेणबत्ती घासा.